पंचावन्न की पंचेचाळीस

"हा टायर मी नाय बसवणार," कय्युमनं सांगितलं आणि टायर परत मांडणीवर चढवला.

चिकलठाण्यात जालना रोडला त्याचं टायरचं दुकान होतं. समोर उभा असलेला सार्थक पंचविशीचा, कंपनीत इंजिनिअर. डाव्या कपाळावर ताजे टाके. त्याचे वडील बद्रीनाथ आत खुर्चीवर चहा फुंकत बसले होते. गाडी बाहेर उभी होती, डावे दरवाजे चेपलेले, पुढची रिम तडकलेली. फुलंब्रीच्या पुढं वळणावर रस्त्याकडेच्या कठड्याला घासली, एवढंच बापलेकांनी सांगितलं होतं. बाकीचं कय्युमनं पोराच्या कपाळावर वाचलं.

एक रिम बदलायचीच आहे तर चारही मोठ्या टाकू, पंधरा इंचाच्या जागी सोळा, असा पोराचा हट्ट. इथवर ठीक होतं. रिम मोठी केली की रबर तेवढं बारीक घ्यायचं, म्हणजे चाकाची एकूण उंची होती तेवढीच राहते. त्या हिशेबानं कय्युमनं पंचावन्नचा टायर काढला होता. आकडा लहान तेवढं रबर बारीक, आणि पोराला हवा होता पंचेचाळीस.

"अरे बेटा, चाक बुटकं होतं त्यानं," कय्युम एकेक बोट मुडपत म्हणाला. "गाडी खाली बसंल. रबर बारीक म्हणून बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतील. एक खड्डा जोरात लागला की नवी रिम गेली. काय कमी खड्डे हायेत का आपल्याकडं?"

"चालंल, चाचा."

"तुला चालंल. मला नाय चालत. बद्रीभाऊ, तुम्ही तरी सांगा ह्याला."

बद्रीनाथांनी घड्याळाकडं बघितलं. "करा त्याच्या मनासारखं. फॅशनचं याड लागलंय पोराला. फकस्त लौकर करा, उन्हाच्या आत फर्दापूर गाठायचंय."

कय्युमला राग आला. लेकरांचे असले लाड करणारे बाप त्याच्या डोक्यात जात. पोरगं मरणाच्या दारातून परत आलंय आणि ह्यांना फर्दापूरची घाई.

"गाडी एकदा धडकलीय, भाऊ. दुसऱ्यांदा रोड माफ करत नसतो."

"मला का कळत नाय? घरात शपथ झालीय. ह्याच्या आईनं, लीलाबाईनं, स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीय. काटा ऐंशीच्या वर जायचा नाय. आमच्यात शपथ मोडत नसतेत." बद्रीनाथांनी कप खाली ठेवला. "पण ऐंशी म्हंजी ऐंशी. त्याच्या खाली चालवायचं तर बैलगाडी काय वाईट व्हती?"

ते आपल्याच बोलण्यावर हसले. सार्थक हसला नाही. तो खाली मान घालून उभा होता.

आता कय्युमच्या ध्यानात आलं. आईनं वेगाला वेसण घातली, म्हणून पोरगं निदान थाट तरी करायला निघालंय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

सार्थकनं त्याला दंडाला धरून मागं, बॅलन्सिंगच्या मशीनपाशी नेलं. "चाचा, हेच बसवा. हात जोडतो तुम्हाला." त्यानं खरोखरच हात जोडले.

कय्युमला हे अतीच वाटलं. रिमच्या शौकापायी कुणी रडकुंडीला येतं का?

"तुला तुझ्या आईची काय फिकीर हाय का नाय?"

"तेवढीच हाय, चाचा."

कय्युम त्याला फटकारणार होता. तेवढ्यात त्याला आठवलं, की मघाशी दोष मोजताना एक बोट मुडपायचं राहूनच गेलं होतं. मीटर. चाक बुटकं झालं की तेवढ्याच रस्त्याला त्याचे फेरे जास्त होतात, आणि मीटर तर फेरेच मोजतं. काटा ऐंशीला टेकेल तेव्हा गाडी जेमतेम पंचाहत्तरला असेल. म्हणजे हा शहाणा आपल्याच हातानं आपला लगाम ओढून घेत होता.

एरवी ही गोष्ट तो गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी सांगायचा. आज त्यानं तोंडाला कुलूप लावलं. पाचाच्या फरकानं वाचलेली माणसं त्यानं ह्याच रोडवर बघितली होती. कुणा आईचं लेकरू शाबूत राहत असेल, तर गप्प बसण्याचं पाप आपल्या माथी, असं त्यानं ठरवलं.

"बसवतो. पण हवा दर आठवड्याला बघायची. गाडीत ओझं कोंबायचं नाय."

"कबूल. अजून काय सांगायचं राहिलं का, चाचा?"

पोरगं रोखून बघत होतं. कय्युम मांडणीकडं वळला.

"नाय. सगळं सांगितलं."

सार्थकनं मोठा श्वास सोडला. आणखी बोलणी खायची नाहीत म्हणून सुटल्यासारखं वाटलं असेल बिचाऱ्याला, असं कय्युमला वाटलं.

चारही चाकं चढली. गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा खरंच बुटकी दिसत होती. कय्युमनं नट पुन्हा एकदा आवळून बघितले, हवा तपासली, आणि चावी सार्थकपुढं धरून दटावलं, "सांभाळून, बेटा. अल्लानं एकदा वाचवलंय."

चावी मधल्यामध्ये बद्रीनाथांनी घेतली. "ह्याच्याकडं कशाला देता? गाडी मी असताना दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसतो." ते स्टेअरिंगमागं बसले आणि लगेच गाडी सुरू केली.

सार्थक मुकाट्यानं डावीकडच्या सीटवर बसला, त्यानं बेल्ट लावला, काच खाली घेतली, आणि इंजिनाच्या आवाजाआड, खिडकीशी वाकलेल्या कय्युमच्या कानाशी पुटपुटला, "चाचा, मीटरचं बाबांना कधीच कळू देऊ नका."