कड्यावरचा गडगा

धबधब्याच्या तळाशी तिसरी मेंढी मरून पडलेली दिसली, तेव्हा नोराने नवऱ्याला धारेवरच धरलं.

"आयझॅक, आता तरी वर कड्याला गडगा घालशील का?"

"खापरपणज्यापासून कुणी घातला नाही. त्यानं कळपाला हद्द शिकवली, तेव्हापासून मेंढीच कोकराला शिकवते, इथवर चरायचं, पुढे पाय टाकायचा नाही."

"शिकवणाऱ्या राहिल्यात कुठे?"

वसंतात शेजारच्या शेतावरच्या मेंढ्यांत साथ आली, ती पसरू नये म्हणून सरकारी माणसांनी यांच्याही साडेतीनशे धडधाकट मेंढ्या एका दुपारात गोळ्या घालून मारल्या होत्या.

"या परवा बाजारातून आणलेल्या. यांना कोण शिकवणार, तू?"

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आयझॅक दगड वाहायला लागला. आठवडाभरात छातीएवढा गडगा उभा राहिला.

नोरा चहाचा थर्मास घेऊन वर आली. "झालं की! एवढ्याशा कामाला किती आढेवेढे घेतलेस."

आयझॅकने शेवटचा दगड बसवला, पण त्यावरचा हात काही काढला नाही.

"हा गडगा घालावा लागू नये म्हणून आमच्या पाच पिढ्या खपल्या होत्या गं."