दुबई ते पनवेल

अब्बांचा चेहरा शेवटचा पाहायला मिळावा म्हणून मुआज दुबईहून मिळेल त्या विमानाने निघाला. चाचांनी फोनवर सांगितलं होतं, "संध्याकाळी पाचला, असरच्या नमाजनंतर दफन आहे, बेटा. त्यापुढे मय्यत थांबवता येणार नाही." एकोणीसशे किलोमीटर तीन तासांत मागे पडले आणि भरदुपारी तो मुंबईत उतरला. पनवेल आता चाळीस किलोमीटरवर राहिलं होतं.

मानखुर्दला टॅक्सी जी अडकली, ती हलेचना. "पनवेललाच विमानतळ होणार म्हणतात, साहेब. तोवर बसा इथेच," ड्रायव्हर हसत म्हणाला. मुआजने घड्याळात पाहिलं. कळंबोली येईपर्यंत उन्हं उतरली होती. तेवढ्यात चाचांचा फोन आला.



"आता घाई करू नकोस, बेटा. सावकाश ये."