भादवी पोळ्याचा घास

भादवी पोळ्याला लेक अनुपमा फार्मसी कॉलेजातून न्हावऱ्याला आली, तेव्हा सावळारामआबा बैलांची शिंगं रंगवत होते. थोरला मुलगा इंद्रजीत घरातच पडून होता. बॅटरीच्या कारखान्यातलं शिसं अंगात भिनून त्याच्या किडन्या बिघडल्या होत्या.

"आबा, आपल्या बांधावरचा शेवगा प्रयोगाला नेला होता ना? शिसं दिलेल्या ज्या उंदरांना त्याचा अर्क पाजला, त्यांच्या किडन्या बऱ्याच शाबूत निघाल्या. माणसाला लागू पडायला अजून वेळ हाय. पण वाट दिसतीय."

"लई झालं, पोरी." आबांचे डोळे भरून आले. "आन् ती उंदरं? सोडली का मग?"

अनुपमा घुटमळली. "किडनी तपासायची म्हंजी उंदीर मारावाच लागतो, आबा."

संध्याकाळी आबांनी बैलांना ओवाळून पुरणपोळी चारली. एक पोळी मात्र राखून ते उसाच्या फडात गेले. उंदरांच्या ज्या बिळांपाशी दरवर्षी विष कालवलेली भजी ठेवायचे, तिथंच त्यांनी ती पोळी ठेवली आणि हात जोडले.

"खावा," ते म्हणाले. "आज तुमचाबी पोळा हाय."