शेंदराचा दगड

जैनथजवळच्या त्या गावाला नवा मोठा रस्ता नको होता. आदिलाबादच्या कचेरीत चकरा मारून गाव थकलं, तरी मोजणीचा दगड बयनाबाईच्या कापसात मधोमध रोवलाच गेला. एका सकाळी तिनं त्या दगडाला शेंदूर फासला, दोन उदबत्त्या लावल्या आणि मुकाट्यानं तण निंदायला बसली. काम सुरू करायला आलेल्या मजुरांनी पहारी खाली ठेवल्या, साहेबांनी बूट काढून हात जोडले, आणि रस्ता पार नदीच्या अंगानं वळला.

रस्ता वळवणाऱ्या देवाचं नाव व्हायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या हंगामात दर शनिवारी बैलबंड्या भरभरून माणसं यायला लागली. कापसातून आधी पायवाट पडली, मग बंडीवाट, मग दोन बंड्या शेजारून जातील एवढी रुंद वाट.

"यापरीस तो रस्ता परवडला असता," तिचा नवरा उद्धवराव म्हणाला.

शेवटी एका शनिवारी बयनाबाई रांगेपुढं आडवी उभी राहिली. "काऊन तुडवून राह्यले वो माहा कापूस? देव नाही हा, रस्त्याचा दगड हाये. म्याच लावला याले शेंदूर."

सगळ्यांत पुढची म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली, मग हळूच वाकली आणि तिच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

 

"मंजे देव पयले तुलेच दिसला, माय!"