दुसऱ्याच्या नावावर फुंक

ही गोष्ट लिहायचीच नाही असं जवळपास ठरलं होतं, कारण बालाजी आणि तौफिक अजून त्याच कंपनीत आहेत. पण गप्प बसवेना.

कंपनीच्या गेटवर रोज नळीत फुंकायचं. छातीत कामावर उडणारी बारीक नॅनो पावडर साठली नसेल तर दिवा हिरवा, साठली असेल तर लाल, आणि लाल म्हणजे थेट घरी. तौफिकला दिवाळीपासून खोकला होता. बायकोचे दिवस भरत आले होते, नोकरी जाऊन चालणार नव्हतं, म्हणून महिनाभर त्याच्या नावावर बालाजीच फुंकत होता. वॉचमन मोबाइलमधून मान वर काढत नसे.

"काय दम आहे रे, बाल्या! लग्नात सनई वाजवायला जा," तौफिक हसायचा आणि हसता हसता खोकायचा.

आज सुपरवायझरनं तौफिकच्या पाठीवर थाप मारली. "सगळ्या लाइनीत तुझी छाती एक नंबर. उद्यापासून तू दळणखोलीत."

दळणखोलीत पावडर इतकी बारीक उडते की मास्कमधूनही आत जाते. म्हणून तिथे फक्त स्वच्छ छातीचीच माणसं पाठवतात.

ती एक नंबर छाती बालाजीची होती.

"पगार वाढणार, यार!" तौफिक म्हणाला आणि खोकला. रुमालावर करडं काहीतरी चमकलं, ते त्यानं पटकन मुठीत दाबलं.

"तौफ्या, उद्या तुझ्या नावावर मी फुंकणार नाही."

"येडा झालास काय? लाल लागेल!"

"लागू दे. फुंकत कोण होतं तेही मीच सांगतो. नोकरी गेली तर दोघांची जाईल, पण त्या खोलीत तुला जाऊ देणार नाही. शब्द देतो."