उसनी टाच

शेवंताच्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्याच वर्षी हळदबाजारात टाचेचं यंत्र आलं. टाचेतून ध्वनी सोडून ते आतलं जाळीदार हाड मोजायचं. हाड पोकळ निघालं की पोती उचलणं बंद. बायकांनी भांडून यंत्राभोवती पडदा लावून घेतला होता.

"शेवंते, माझ्या नावावर तुझी टाच घाल," थोरली जाऊ हौसाक्का म्हणाली. "घरी बसले तर सून वाढंल तेवढंच खावं लागंल."

"यंत्र खोटं बोलत नाही म्हणं, अक्का."

"मग आपण बोलू की!"

हिरवा दिवा लागला. दोघी पदराआड हसल्या.

तिसऱ्या दिवशी पोत्याखाली हौसाक्का कोसळली. डॉक्टरांनी यंत्राची नोंद पाहिली. "इतकं भरीव हाड मोडत नाही. मुका मार आहे."

खरं सांगितलं तर शेवंताचंही काम जाणार होतं. ती गप्प राहिली.

मोडलेलं हाड तसंच राहून अंथरुणाला खिळलेली हौसाक्का मार्गशीर्ष अमावास्येला गेली.