दिसलं मले

परतवाडा मागे पडला तसे शेषराव म्हणाले, "वाच वं, काय लिहेल हाय?"

केशरबाई पुढच्या सीटवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि रस्त्याकडेची पाटी अक्षराला अक्षर जोडत वाचली. "शुद्ध... शाका... हारी... भजन."

"हो, दिसलं मले," शेषराव म्हणाले. "भजनी मंडळ असंन त्याइचं."

महिनाभर हेच चाललं होतं. शेषराव एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. एका जुन्या मिनीबसच्या सीटा काढून त्यांनी आत पलंग टाकला, गॅसची शेगडी मांडली, पाण्याची टाकी बसवली आणि ऐन उन्हाळ्यात बायकोला घेऊन अकोल्यातून निघाले. जन्मभर लोकांना फिरवलं, आता हिला फिरवतो, म्हणाले. कोकण झालं, महाबळेश्वर झालं. आता शेवटचं चिखलदरा, की घर.

केशरबाई वाचायला शिकल्या त्या नातवंडं झाल्यावर, प्रौढांच्या वर्गात. तेव्हा त्यांनी पेपर हातात घेतला की हेच शेषराव म्हणायचे, "तुह्यं वाचून होईस्तोर पेपर शिळा होते." आणि या महिन्यात काय बदललं कोण जाणे, पाटी दिसली की गाडी हळू करायचे. "घाई नाई, सावकाश वाच. तुह्या तोंडून आयकाले बरं वाटते." या वयात केशरबाई चक्क लाजल्या होत्या. मनातल्या मनात वाचणं त्यांना जमत नसे. ओठ हलायचेच, आवाज निघायचाच. पण आता त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. दवाखान्यांच्या, पंक्चरवाल्यांच्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या, सगळ्या पाट्या त्यांनी खड्या आवाजात वाचल्या. अकोल्याला गेल्यावर सुनेला सांगायचं, हेही ठरवून ठेवलं होतं.

पाटी मागे जाता जाता त्यांना तिच्यावरचं ताट दिसलं. वरण, भात, पोळी, वर हिरवी मिरची, चांगलं परातीएवढं रंगवलेलं. भजन कसलं, भोजन! काना-मात्रा गिळली होती त्यांनी. त्या आपल्याशीच हसल्या आणि हसता हसता थांबल्या. आपलं अक्षर चुकलं, ठीक आहे. पण यांना ताट कसं दिसलं नाही?

शेषरावांच्या गळ्यात ओला दुपट्टा होता. डोळे बारीक करून ते समोर बघत होते. उन्हाचं बघताहेत, असंच त्यांना महिनाभर वाटलं होतं.

पुढे एक जाहिरातीचा फलक आला. जाहिरात केव्हाच फाटून गेलेली, मागे नुसता गंजलेला पत्रा. केशरबाई त्या पत्र्याकडे बघून वाचू लागल्या, नेहमीसारख्याच अडखळत. "चिखल... दरा... आपलं... स्वागत... करते."

"हो, दिसलं मले," शेषराव म्हणाले. "नवा लावला वाटते."

केशरबाईंना गाडीची, रस्त्याची भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. गावोगाव घसा ताणून वाचलेली एकेक पाटी त्यांना आठवली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, गोड बोलून, हळूहळू, आपल्याच माणसानं.

"गाडी उभी करा," त्या म्हणाल्या. "पाणी प्याचं हाय."

घाटाच्या पायथ्याशी कडुलिंबाखाली गाडी थांबली. केशरबाईंनी हात लांबवला आणि चाबी काढून घेतली.

"चाबी दे वं. काहून काढली?"

"डोळ्याचं कधीपासून हाय?"

शेषरावांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, बंद गाडीच्या. "मोठं मोठं दिसते. टरक दिसते, माणूस दिसते. अक्षर तेवढं नाई दिसत."

"कधीपासून म्हणते मी."

"दिवाळीपासून. डॉक्टर म्हणे, गाडी चालवू नका." मग आवाज चढवून म्हणाले, "तुले सांगतलं असतं तं तू आली असती का?"

"नसती आली."

"म्हून नाई सांगतलं! अन् हा घाट तं मी डोळे मिटून..."

"मराचं भेव नाई वाटत मले," केशरबाई म्हणाल्या. "अन् डोळे गेले असं सांगतलं असतं तं घरी, आंगणात बसून बी रोज वाचून दाखवलं असतं. पण तुमी म्हणे, आयकाले बरं वाटते. मले खरं वाटलं जी."

"बरं वाटतेच ना," शेषराव घाईघाईनं म्हणाले. "आयकाले बी बरं वाटते."

त्या एवढ्याशा 'बी'नं उरलंसुरलं सांगून टाकलं.

समोर, रस्ता वळून डोंगरावर चढतो तिथं, एक मोठी पिवळी पाटी होती. शेषराव मान पुढे काढून तिच्याकडे बघत राहिले. दुपट्ट्यानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं.

"काय लिहेल हाय वं तिथं?" त्यांनी हळूच विचारलं.

केशरबाईंनी चाबी मुठीत घट्ट धरली आणि पाटी वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सगळी. त्यांचे ओठ हलले नाहीत.